डोहात सोडलेले बूश

फाल्गुनातली एकादशी होती आणि बदलापूरच्या राममंदिरात गुरुदत्तबुवांचं कीर्तन रंगात आलं होतं. पूर्वरंग संपला, मध्यंतराचं भजन झालं, बुवांच्या कपाळी बुक्का लागला, गळ्यात हार पडला. तेवढ्यात पंचांपैकी एक जण उठून म्हणाला, "मंडळी, आनंदाची गोष्ट. यंदा रामनवमीला आपले बुवा इंदूरला जाणार. तिकडच्या मराठी मंडळींनी बोलावलंय. आणि कसं जायचं, तर विमानानं! तिकीटसुद्धा आलंय."

"विमानात कीर्तन करणार का हो, बुवा?" मागून कोणीतरी विचारलं.

"करीन की," बुवा म्हणाले. "वर देव जवळ. आवाज चढवायला नको, पेटीवाल्याची मिनतवारी नको."

पेटीवाल्यानं भात्यावर हात मारून निषेधाचा एक सूर काढला आणि सगळं मंदिर हसलं. हसणं ओसरल्यावर बुवांनी खांबापाशी बसलेल्या धर्मराजकडे हात केला. "आणि मला भीती कसली? विमानाचं इंजिन ज्या सांगाड्यावर बसतं तो आमच्या आण्णांच्या हातून जातो. रामाचं नाव घेणारा माणूस आहे. त्यानं आवळलेली चाकी सुटायची नाही!"

धर्मराजनं लाजून मान खाली घातली. गावात त्याला सगळे आण्णाच म्हणत. खरवईची शेती भावावर सोपवून तो अंबरनाथला एका पत्र्याच्या शेडीत फिटर झाला होता. मुंबईच्या एका खासगी विमान कंपनीची इंजिनं बसवायचे पोलादी सांगाडे दुरुस्तीला तिथे येत. इंजिनाची थरथर विमानाला लागू नये म्हणून सांगाड्याच्या प्रत्येक बोल्टाभोवती एक रबरी बूश असतो. आत पोलादी नळी, तिच्याभोवती जाड रबर. उष्णतेनं आणि तेलानं ते रबर आतून नळीपासून सुटतं. बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. आणि एकदा का ते सुटलं की इंजिन हिसके द्यायला लागतं, बोल्ट झिजतो, पोलादाला तडा जातो. म्हणून सरकारी विमान खात्याचा सक्तीचा हुकूम होता: ठरलेले तास उडून झाले की बूश चांगला दिसो की वाईट, काढायचाच आणि नवा घालायचा. आणि काढलेला बूश तिथल्या तिथे करवतीनं कापायचा, म्हणजे तो फिरून कोणाच्या हाती लागणार नाही.

कापायचं काम आण्णाचं. वर्षभर तो ते चोख करी. फक्त खंडेनवमीला नाही.

खंडेनवमीला करवत चालत नाही. त्या दिवशी करवती, पाने, हातोडे धुऊनपुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. पहिल्याच वर्षी असं झालं की आदल्या दिवशी काढलेले बूश कापायचे राहून गेले होते. आण्णाला वाटलं, यांनीही काम केलंय की! इतकी माणसं आभाळातून सुखरूप आणली ती यांनीच. त्यानं तेही पाटावर मांडले. शेडीच्या मालकांनीसुद्धा त्यांच्यावर फूल वाहिलं. मग दसरा उलटल्यावर करवत हातात घेतली खरी, पण कुंकू लावलेल्या वस्तूवर ती चालवायला मन होईना. पुजलेल्या वस्तूचं विसर्जन करायचं असतं. आण्णानं ते पोत्यात भरले, बदलापूरला नेले आणि उल्हास नदीच्या खोल डोहात सोडले. हात जोडले. पुढच्या वर्षीही तसंच केलं, त्याच्या पुढच्याही. इंजिनिअर श्यामकांतसाहेब कापलेल्या मालाच्या यादीखाली सही करत, त्यात हेही येत. डोहात गेलेली वस्तू कापलेल्या वस्तूइतकीच गेली, असं सगळ्यांनाच वाटे.

त्या एकादशीला आरती झाली, प्रसाद वाटला, आणि देवळाच्या पायरीवर आण्णाला कौसाबाई भेटली. खरवईची, त्याच्या चुलतभावाची बायको. हातात नव्या सदऱ्यातला पोरगा.

"भावजी, सदरा बगा याचा! तुमच्याच किरपेचा हाय."

"माझ्या कसल्या, वहिनी?"

"आवं, तुमी दसऱ्याला डोहात ती काली चाकं सोडता ना? यंदा पानी लय खाली ग्येलं. आमचं हे मासं धराया बुडी मारतात, तर पोतंच गावलं. मंग आजून एक. कंपातला एक शेट ती घ्येतो. घरात समद्यांना कपडं झालं." ती पदर सावरत हसली. "गंगंला दिलं त्ये गंगंनंच आमाला दिलं, व्हय ना?"

आण्णानं हातातला प्रसाद तोंडात घातला नाही. "कोणता शेट, वहिनी?"

"पाच लंबर कंपातला. रबराचं काम करतो. का वो? काय वंगाळ केलं का आमी?"

"नाही," आण्णा म्हणाला. "तुम्ही काही केलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यानं कामावर खाडा केला आणि उल्हासनगरचा पाच नंबर कॅम्प गाठला. लष्कराच्या जुन्या बराकी, मधे गोणपाटाचे पडदे लावून केलेली बिऱ्हाडं, आणि प्रत्येक बिऱ्हाडाच्या दारात काही ना काही धंदा. कुठे पापड वाळत होते, कुठे पत्र्याच्या पेट्या ठोकणं चाललं होतं. रबराच्या वासावरून लधारामचा दरवाजा सापडला. सिंधमधल्या सक्करहून आलेला, पन्नाशीचा, गुडघ्यावर टायरचा तुकडा घेऊन बसलेला माणूस.

"आओ साईं, बसा, बसा. चाय पिणार?"

"शेट, नदीतली काळी चाकं तुमच्याकडे येतात म्हणे."

लधारामचा चेहरा खुलला. "आली ना! बहुत बढिया माल. असली विलायती रबर. लोक बोलतात फेकलेली चीज आहे. मी बोललो, हाथ में हुनर पाहिजे." तो उठला आणि दाखवू लागला: असं घासायचं, असं रबराच्या सोल्युशनात बुडवायचं, मग शंखजिऱ्याची पूड मारायची. शिल्लक राहिलेला एक बूश त्यानं आण्णाच्या तळहातावर ठेवला. "बोला साईं, नवा की जुना?"

आण्णानं तो उलटसुलट केला. नवा होता. ताज्या सोल्युशनचा वाससुद्धा नव्या मालाचा होता. त्यानं तो पुन्हा नाकाशी नेला. हा वास त्याच्या ओळखीचा होता. मागच्या महिन्यात भांडारात नव्या बूशांची पेटी आली होती. "माल ताजा दिसतोय," असं तो स्वतःच म्हणाला होता. त्यातले बूश त्यानंच, स्वतःच्या हातानं, सांगाड्यांत दाबून बसवले होते. ते सांगाडे केव्हाच विमानांना लागले होते.

"कोणाला विकलेत, शेट?"

"बंबई का दलाल येतो. मोठी गाडी, छोटी गाडी, सगळ्याचा माल उचलतो."

"हे गाडीचे नाहीत. विमानाचे आहेत. इंजिनाचे."

लधाराम खाली बसला. पडद्याआड एक बाई बाळाला थोपटत होती, ती थोपटायची थांबली.

"नाही नाही, साईं. मी समजलो फौजी लॉरी का है. लॉरी थांबली तर माणूस उतरून धक्का मारतो." त्यानं आण्णाचा हात धरला. "विमान थांबलं तर?"

आण्णानं बूश त्याच्यापुढे जमिनीवर ठेवला. लधाराम म्हणाला, "मी दलालाकडे जातो. आजच जातो." तो खरंच गेला. दलालानं त्याला ओळखसुद्धा दाखवली नाही, असं त्यानं दोन दिवसांनी अंबरनाथला येऊन, शेडीच्या फाटकाबाहेर उभं राहून सांगितलं. आत यायला तो तयार झाला नाही.

तोवर आण्णानं श्यामकांतसाहेबांना सगळं सांगून टाकलं होतं. साहेब तरुण, मनाचे चांगले. त्यांनी आवाज चढवला नाही. भांडारातली पेटी मागवली. उरलेल्यांतला एक बूश दाबयंत्राखाली धरला आणि दांडा ओढला. नळी रबरातून सुळकन बाहेर आली. आतून तांबूस गंजाचं पाणी ओघळलं आणि नदीच्या गाळाचा वास सुटला. दुसरा धरला, तोही तसाच. तिसरा मात्र पक्का निघाला. दाबून दाबून शेवटी रबर चिरलं, पण नळी सुटली नाही.

"यात चांगलेही आहेत," श्यामकांत म्हणाले. "दलालाचा माल पुरवठादाराच्या पेटीत मिसळलाय."

"मग साहेब, बसवलेले कोणते कसे, ते कसं कळायचं?"

"बसवलेला बूश बघून काही कळत नाही, आण्णा. असा दाबला तरच कळतं. आणि दाबला की चांगलासुद्धा कामातून जातो." त्यांनी चिरलेलं रबर कचऱ्याच्या डब्यात टाकलं. "सगळे काढायला हवेत. म्हणजे सगळी विमानं उभी करायला हवीत. डोहात किती सोडले होतेत?"

"ते मोजले नव्हते, साहेब. देवाला वाहिलेलं मोजत नाहीत."

श्यामकांतांनी डोळे मिटून घेतले. मग दोघे मालकांकडे गेले. सगळं ऐकून मालक म्हणाले, "पेटीतले उरलेले आत्ताच्या आत्ता कापून टाका."

"आणि गेलेले?" श्यामकांत म्हणाले. "कंपनीला कळवायला हवं."

"काय कळवू? आमच्या फिटरनं बूश कापायच्या ऐवजी त्यांची पूजा केली, आणि तुम्ही न बघता सही केलीत, आणि फूल मीही वाहिलं होतं? उद्या परवाना जाईल. शेडीतल्या सगळ्या चुली विझतील. श्यामकांत, तुमच्या घरी मालिनीबाईंचे दिवस भरत आलेत ना?"

"त्याचा याच्याशी काय संबंध?"

"सगळा संबंध आहे."

तरी श्यामकांतांनी कंपनीला फोन लावला. पलीकडचा साहेब सौम्य होता. माल मंजूर पुरवठादाराकडून आलाय, तपासणीचे शिक्के आहेत, शंका असेल तर मालकांच्या सहीनं लेखी द्या, तोंडी बोलण्यावर विमानं उभी राहत नाहीत. मालकांनी सही केली नाही. श्यामकांतांनी एकदा स्वतःच्या सहीनं लिहायला कागद घेतला. आण्णा दारात उभा होता. साहेबांनी टाक बुडवला, टाक वाळला, पुन्हा बुडवला. मग दौतीला टोपण लावून ते म्हणाले, "आण्णा, उद्या बघू." तो उद्या आला नाही. आणि आण्णालाही तो उद्या का येत नाही हे कळत होतं, म्हणून त्यानं पुन्हा विचारलं नाही.

राहिले बुवा.

आण्णा त्यांच्या घरी गेला तेव्हा बुवा अंगणात बसून इंदूरला म्हणायच्या आख्यानाची चाल बसवत होते. पेटी नव्हती, मांडीवर ताल चालला होता. "या, आण्णा! ऐका जरा. विमानात सुपारी चघळू देतात का हो?"

"बुवा, जाऊ नका."

बुवांचा हात मांडीवर थांबला. आण्णानं सगळं सांगितलं. देवळात देवापुढेही माणूस एवढा उघडा होत नाही. ऐकता ऐकता बुवांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. मग ते उपरण्याच्या काठाशी चाळा करू लागले.

"म्हणजे तुमची ओळख आहे म्हणून मी वाचायचं," ते म्हणाले. "आणि बाकीच्यांची ओळख नाही म्हणून त्यांनी बसायचं. असंच ना?"

"बुवा, मी सगळ्यांना सांगितलं. कोणी ऐकत नाही."

"विमान पडेलच असं आहे का?"

"नाही. कदाचित पडणारच नाही. एखादा बूश सुटला तर बाकीचे धरतात. पण दोन सुटले, तीन सुटले..."

"मी आजवर लोकांना काय सांगत आलो? देव राखतो, असंच ना?" बुवा उठले. "मी जाणार. तुम्ही या सोबत. विमानतळावर आपण दोघे सांगू. माझ्या पगडीकडे बघून तरी ऐकतील."

रामनवमीच्या दोन दिवस आधी दोघे सांताक्रूझच्या विमानतळावर पोचले. बुवा ठेवणीतला अंगरखा, उपरणं आणि पगडी घालून आले होते. काखेत चिपळ्यांची पिशवी. तिकिटं बघणाऱ्या माणसाला त्यांनी शांतपणे, एकेक शब्द तोलून सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि हसला.

"पहिल्यांदाच जाताय ना, महाराज? सगळ्यांना असंच वाटतं. खिडकीची जागा देतो. छान झोप लागेल."

"मला नाही वाटत हो असं," बुवा म्हणाले, "हे या आण्णांचं काम आहे, यांनी स्वतः बसवलेत."

"कोणत्या विमानात?"

आण्णाला सांगता आलं नाही. तीन सांगाडे गेले होते. कोणता कुठे लागला ते त्याला माहीत नव्हतं. त्या माणसानं समजूतदारपणे मान हलवली आणि पुढच्या उतारूचं तिकीट मागितलं.

पुकारा झाला. बुवा इतर उतारूंबरोबर मैदानात चालत गेले. आण्णा कठड्याशी उभा राहिला. विमानाचं एक इंजिन सुरू झालं. पंखा आधी अडखळत, मग गरगरा फिरू लागला, आणि त्या दणक्यानं पंखाचं टोक थरथरताना आण्णाला दिसलं. ते सगळ्याच विमानांचं थरथरतं, हे त्याला ठाऊक होतं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बुवांनी पाय ठेवला. दुसरीवर ठेवला. मग ते थांबले. पगडी हातानं धरून त्यांनी त्या इंजिनाकडे पाहिलं. मागचा माणूस म्हणाला, "चला महाराज." बुवा वळले आणि खाली उतरले. वाऱ्यानं उपरणं फडफडत होतं. कठड्याशी आले तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"नाही जमलं हो, आण्णा," ते एवढंच म्हणाले.

तिकिटं बघणाऱ्या माणसानं खांदे उडवले आणि बाकावर बसलेल्या एका शाळामास्तरांना हाक मारली. जागा नाही म्हणून ते सकाळपासून ताटकळत होते. इंदूरला आई आजारी होती. मास्तर धावत आले आणि जाता जाता त्यांनी बुवांचे पाय धरले. "देवासारखे भेटलात, महाराज. तुमचे उपकार कसे फेडू?"

"अहो, नका जाऊ," बुवा म्हणाले. "अहो मास्तर, ऐका तर!"

इंजिनाच्या आवाजात मास्तरांना ऐकू गेलं नाही. त्यांनी जिना चढून वरून हात जोडले. आण्णा कठड्यावरून पलीकडे झेपावणार तोच शिपायानं त्याला दंडाला धरून मागे ओढलं. "अय, किधर?" दार लागलं. विमान दूर गेलं, वळलं, धावलं आणि वर चढलं.

दोघे तिथेच बसून राहिले. विमान इंदूरला उतरल्याचं कळेपर्यंत बुवा उठायला तयार नव्हते. ऊन उतरल्यावर त्या तिकीटवाल्या माणसानं स्वतःहून येऊन सांगितलं, "उतरलं हो, महाराज, वेळेवर. उगीच घाबरलात." त्यात टोमणा नव्हता.

"उतरलं," बुवा म्हणाले. त्यांनी सुटकेचा श्वास घेतला, मग आण्णाकडे बघितलं. "आता?"

"आता तेच विमान रात्री परत येणार. उद्या पुन्हा जाणार."

"आणि परवा?"



रामनवमीला बदलापूरच्या मंदिरात मंडळी खूश झाली. बुवा इथेच आहेत! इंदूरची तार आली होती, प्रकृती सांभाळा म्हणून. म्हणजे बुवा आजारी होते, बरे झाले, रामानंच त्यांना आपल्या मंदिरात ठेवून घेतलं, असं ज्यानं त्यानं ठरवून टाकलं. नको नको म्हणत असताना बुवांना उभं केलं. त्यांनी नमन केलं, जन्माचं आख्यान लावलं, दुपारी पाळणा हलला, सुंठवडा वाटला. बायका पाळण्याशी दाटल्या होत्या, कौसाबाईचा पोरगा दोरी ओढत होता. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. कीर्तनाच्या शेवटी बुवा हात वर करून मागणं मागत: ऐकणाऱ्याचं, गाणाऱ्याचं, वाटेवर असणाऱ्या प्रत्येकाचं देवा, तू कल्याण कर. त्या मागण्यासाठी आण्णा खांबापाशी हात जोडून बसला होता. बुवांनी हात वर केले. पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला. बुवांचे हात तसेच वर राहिले आणि मग हळूच खाली आले. त्यांनी चिपळ्या पाटावर ठेवल्या आणि आरतीचं तबक मागितलं. घाईत कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंबरनाथच्या शेडीत तास भरलेला एक सांगाडा आला होता. जुने बूश काढून आण्णानं ते करवतीनं कापले, एकेकाचे दोन दोन तुकडे. मग भांडारातून नवी पेटी आली. दुसऱ्या पुरवठादाराची, शिक्क्यांसह. श्यामकांतसाहेब शेजारी येऊन उभे राहिले. पहाटे त्यांना मुलगी झाली होती, पण ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

आण्णानं एक बूश उचलला. हुंगला. अंगठ्यानं दाबला. शंखजिऱ्याची पांढरी पूड बोटांना लागली.

"कसा वाटतोय?" श्यामकांतांनी विचारलं.

"नवा वाटतोय, साहेब."

"एखादा दाबून बघायचा?"

"तो चांगला निघाला तरी बाकीच्यांचं काय कळणार?"

बाहेर लॉरीवाला भोंगा वाजवत होता, कंपनीला सांगाडा संध्याकाळच्या आत हवा होता. आण्णानं बूश भोकावर धरला, वर लाकडी ठोकळा ठेवला आणि हातोडीनं हळूहळू आत बसवला. मग दुसरा घेतला.